नाव झाकलं की चव कळते

मैत्रिणींनो, तुमच्या घरी वरणाला कुठली डाळ असते? प्रश्न साधाच आहे, पण नुसतं 'तुरीची' एवढं उत्तर देऊन किती जणी थांबतील? "आमच्याकडे घरच्या शेतातलीच लागते हो", "आमच्या ह्यांना अमक्या कंपनीचीच चालते", "गावरानी असेल तर वरण, नाहीतर नुसतं पिवळं पाणी", अशीच उत्तरं येतील. आणि आपल्या जिभेला हा फरक नेमका कळतो, याविषयी प्रत्येकीची अगदी खात्री असते. खरंच कळतो का? की पाकिटावरचं नाव, पोत्यावरचं गाव आणि डाळीचा पिवळाधमक रंग घास घेण्याआधीच आपल्या मनात चव घालून ठेवतात? यंदा आमच्या घरी हा प्रश्न नुसत्या गप्पांपुरता राहिला नाही. त्यातून जे कळलं ते तुमच्याही उपयोगी पडावं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं माहेर अकोल्याकडचं, सासर अमरावतीचं. मूर्तिजापूर, बडनेरा करत दोन-अडीच तासांची वाट. सगळं वऱ्हाडच, त्यामुळे कपाशीच्या ओळींमधून डोलणारी तूर दोन्हीकडची. बाबांच्या शेतातली तूर निघाली, की धाकटा भाऊ गावाजवळच्या छोट्या मिलमधून डाळ करून आणतो आणि संक्रांतीनंतर एक पोतं आमच्याकडे येतं. लग्न झालं तेव्हा सासूबाईंना या डाळीचं भारी कौतुक. शेजारीपाजारी वाटीवाटीने वाटायच्या. रोडगे-वरणाचा बेत असला, की "हिच्या माहेरची डाळ आहे" असं पाहुण्यांना आवर्जून सांगायच्या.

गेल्या तीन-चार वर्षांत मात्र सूर बदलला. "काय वं, या वरनाले ना वास ना चव. तुह्या माहेरच्या डाईत पहिल्यासारखं काई राह्यलं नाई." हे एकदा नव्हे, दर दोन दिवसांनी. आमच्या ह्यांचं मत निराळंच. त्यांना दुकानातली पाकिटबंद, चकचकीत डाळ आवडते. त्यामुळे तेही हळूच म्हणायचे, "मग कशाला एवढी धावाधाव? पाकीट आणून टाकू." ही कुरकुर कशी कोण जाणे, माहेरी पोचली. यंदा भावाचा फोन आला, "ताई, डाळ पाठवू का नको?" माहेरच्या पोत्याला 'नको' म्हणणं किती अवघड असतं, हे तुम्हाला मी काय सांगू! आणि 'हो' म्हणावं, तर रोज ताटावर तीच कटकट. नुसतं वाद घालून हे मिटणारं नव्हतं.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथल्या वाचनालयात चाळलेलं एक प्रकरण मला आठवलं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे शेतीसंशोधनाची संस्था आहे. तिथे १९२० च्या दशकात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या बाई काम करत होत्या. चहात दूध आधी घातलं की नंतर, हे आपल्याला चवीवरून कळतं, असा त्यांचा दावा होता. सोबतचे लोक हसले असतील. आपल्याकडेही हसलेच असते. पण तिथले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ती गोष्ट मनावर घेतली. आठ कप चहा, चार एका तऱ्हेचे, चार दुसऱ्या तऱ्हेचे, क्रम उलटसुलट. बाईंनी फक्त चाखून चार-चार वेगळे काढायचे. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. पुढे १९३५ मध्ये फिशरनी आपल्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात हाच चहा उदाहरण म्हणून घेतला. एका बाईच्या जिभेच्या दाव्याला हसून न उडवता नीट तपासून पाहावं, ही गोष्ट मला फार आवडली होती.

नाव आणि रंग माणसाला किती फसवतात, याचे दाखले तर पुष्कळ आहेत. फ्रान्समधल्या बोर्दो येथे द्राक्षासवाचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये नुसता लाल रंग घालून दिला. त्याला वास नाही, चव नाही. तर या मुलांनी तिचं वर्णन केलं ते लाल वाइनला वापरायच्या शब्दांत! हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकलेली नाकं, पण डोळ्यांनी त्यांना गप्प केलं. म्हणूनच ऑलिव्हचं तेल पारखणारे लोक गडद निळ्या काचेच्या पेल्यातून तेल चाखतात, रंग दिसूच नये म्हणून.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. दारूचं नाव काढलं म्हणून दचकू नका, गंमत ऐका. बंगलोरला जगदाळे घराण्याची 'अमृत' नावाची डिस्टिलरी आहे, १९४८ साली सुरू झालेली. भारतात व्हिस्की म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं उसाच्या मळीच्या अर्कापासून होतं, त्यामुळे परदेशात त्याला कोणी विचारत नसे. यांनी जवापासून, रीतसर पद्धतीने व्हिस्की केली आणि ती विकायला नेली कुठे, तर थेट स्कॉटलंडला! तिथल्या लोकांना बाटली न दाखवता ती चाखायला दिली, तेव्हा कित्येकांना ती स्कॉटलंडचीच वाटली. २००४ मध्ये ग्लासगो शहरात ती बाजारात आली आणि २०१० च्या आपल्या 'व्हिस्की बायबल'मध्ये जिम मरे या जाणकारांनी त्यांच्या 'फ्युजन'ला जगात तिसरा क्रमांक दिला. बाटली आधी दाखवली असती, तर कोणी ओठाला तरी लावली असती का?

तर मी ठरवलं, आपणही डाळीचं नाव झाकायचं.

डाळी घेतल्या तीन. पहिली माहेरची, गावरानी तुरीची, पॉलिश न केलेली. दुसरी बाजारातली सुटी 'फटका'. तिसरी ह्यांच्या आवडीची पाकिटातली. 'फटका' शब्द वऱ्हाडातल्या बायकांना सांगायला नको, पण इतर वाचक भगिनींसाठी सांगते. आमच्याकडच्या धान्यबाजारात तूरडाळीच्या प्रती ठरलेल्या असतात. नीट सोललेली, एकसारखी, तुकतुकीत ती 'फटका', तिचा भाव वरचा. त्याखालची 'फोड'. मिलमध्ये तुरीला आधी ओरखडे पाडतात, थोडा तेलाचा हात लावून उन्हात वाळवतात, मग साल निघते आणि दाणा दुभंगतो. इतकं झालं की डाळ खायला तयार असते. पुढचं पॉलिश हे दिसण्यासाठी.

पद्धत घेतली 'त्रिकोणा'ची. चव पारखण्याच्या धंद्यात ती सर्रास वापरतात. एका खेपेला तीन वाट्या ठेवायच्या, दोघींत एकच डाळ, तिसरीत वेगळी. चाखणाऱ्याने एवढंच सांगायचं की वेगळी कोणती. 'चांगली कोणती' हे विचारायचंच नाही. कारण चांगलं-वाईट म्हटलं की माहेर-सासर मध्ये येतं. वेगळी वाटी ओळखताच येत नसेल, तर मग भांडण कशाचं?

तिन्ही डाळी एकाच नळाच्या पाण्यात, सारख्याच वेळ भिजवल्या. पाणी एकच हवं, हे महत्त्वाचं. अकोल्याला काटेपूर्णेचं पाणी, अमरावतीला अप्पर वर्धेचं, आणि कुणाकडे बोअरचं. जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही आणि दोष मात्र डाळीला लागतो. जुन्या डाळीचंही तसंच, म्हणून तिन्ही यंदाच्याच घेतल्या. कुकरच्या तीन डब्यांत एकाच वेळी शिजवल्या. मीठ मोजून, हळद चिमूटभर, हिंग नाही, फोडणी नाही. सारखं घोटून, कोमट झाल्यावर एकसारख्या स्टीलच्या वाट्यांत चमचा-चमचा वाढलं. वाटीच्या बुडाला चिठ्ठी. वाट्या भरणारी शेजारची कॉलेजातली मुलगी. ती स्वयंपाकघरात भरून ठेवायची आणि बाहेर आणून द्यायची माझी धाकटी, जिला चिठ्ठीतलं काही ठाऊक नाही. म्हणजे वाढणारीच्या चेहऱ्यावरूनही कळायला नको. चाखणाऱ्याच्या डोळ्यांवर ओढणी. दोन खेपांच्या मध्ये पाण्याची चूळ. वेळ सकाळी अकराची, पोट ना भरलेलं ना अगदी रिकामं.

चाखायला पाच जणं. सासूबाई, हे, मोठी मुलगी, शेजारच्या काकू आणि मी. माहेरची आणि पाकिटातली यांच्या सहा खेपा, तीन शनिवारी, तीन रविवारी. नुसत्या अंदाजाने बोललं तरी तिनातून एक उत्तर बरोबर येणारच, म्हणजे सहात दोन. ही गोष्ट आधीच सगळ्यांना सांगून ठेवली होती. नाहीतर दोन बरोबर आले की माणूस लगेच मिशीला पीळ देतो.

निकाल असा लागला. ह्यांचे सहापैकी दोन. वर एका खेपेला "ही बघ माझी पाकिटातली, कशी मऊ लागते" म्हणून त्यांनी जी वाटी उचलली, ती माझ्या माहेरची निघाली. माझे चार, काकूंचेही चार. त्यात फार फुशारकी मारण्यासारखं नाही, कारण सहात चार किंवा जास्त बरोबर येणं दहातून एखाद्या वेळी नुसत्या नशिबानेही घडतं. पण आमच्या सातवीतल्या मुलीचे पाच! अंदाजाने हे साधायचं तर छप्पन्नातून एखाद्या वेळी साधेल. ती म्हणाली, "आई, आजोबांच्या डाळीला ओल्या मातीसारखा वास येतो आणि घास जरा जास्त दाट लागतो." पुढच्या आठवड्यात फटका आणि पाकिटातली, या दोघींच्या सहा खेपा केल्या. त्यात तिच्यासकट सगळ्यांचीच उत्तरं अंदाजाइतकी. म्हणजे पाकिटावरच्या नावासाठी आम्ही किलोमागे जे जास्तीचे पैसे मोजत होतो, ते आमच्या जिभेला तरी कळत नव्हते. ह्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं. पाकीट आमच्याकडून तेव्हापासून बंद आहे.

सासूबाईंचे पहिल्या सहात दोन होते. पण इथे मला आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट लक्षात आली. बाकीचे सगळे वाटी आधी नाकाशी नेत होते. त्या मात्र सरळ तोंडाला लावत होत्या. ही बाई म्हणजे ओसरीवर बसून स्वयंपाकघरातली मोहरी करपली की नुसती तडतडली, हे सांगणारी. पाचव्या खेपेला त्यांनी डोळ्यांवरची ओढणी काढली आणि म्हणाल्या, "कोन्याच वाटीले वास नाई वं."

शेजारची पोर हुशार. तिने त्यांना पुन्हा डोळे मिटायला लावले आणि हिंगाची डबी उघडून नाकापुढे धरली. सासूबाई गप्प. मग कापूर. तरी गप्प. "काय धरलं वं?" त्यांनी विचारलं. घरभर हिंगाचा घमघमाट सुटला होता, मैत्रिणींनो, आणि त्या आम्हालाच विचारत होत्या.

मग एकेक उलगडत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीला करोनाने पुन्हा जोर धरला, जिल्ह्यात टाळेबंदी लागली, त्या सुमारास त्या तापल्या होत्या. घरीच बऱ्या झाल्या. तेव्हा तोंडाची चव गेली, ती तापामुळे म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. ताप गेला, पण वास काही परत आला नव्हता. त्यांना स्वतःलाही ते उमगलं नव्हतं, कारण आपल्या भाषेत आपण दोन्हीला 'चव'च म्हणतो. "म्या म्हनलं, डायच बदलली. मंग म्हनलं, सूनबाईचा हात उतरला," असं म्हणाल्या आणि कितीतरी वेळ हातातल्या वाटीकडे पाहत राहिल्या. जिच्या नाकावर चाळीस वर्षं एका घरचा स्वयंपाक चालला, तिचं नाकच मुकं झालं होतं. त्यांचं जेवण कमी झालं होतं, चोळ्या सैल झाल्या होत्या. आम्ही ते वयावर घातलं होतं.

जिभेचं काम किती थोडं आहे, हे आपल्याला माहीत नसतं. आपल्याकडे षड्रस सांगितले आहेत, गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. आजचं शास्त्र जिभेच्या मूळ चवी पाच मोजतं. गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी 'उमामी'. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशैवालाच्या रश्श्यातून ती शोधली. बाकी सगळा डाळीचा, तुपाचा, कोथिंबिरीचा, आंब्याचा जो 'स्वाद' म्हणतो, तो घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास असतो. खोटं वाटलं तर नाक घट्ट धरून विलायचीचे दाणे चावून पाहा. नुसता कचकच चोथा. नाक सोडलं, की एकदम सगळी विलायची! व्हिस्कीचे पारखीसुद्धा घोट घेण्याआधी पेला नाकाशीच धरून बसतात, ते उगीच नाही.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना तपासलं. नाकात कोंब वगैरे काही नव्हतं. विषाणूच्या तापानंतर वास जातो, वयोमानानेही कमी होत जातो, असं त्या म्हणाल्या. त्यांनी नाकाचा व्यायाम सांगितला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, शांतपणे घ्यायचे आणि घेताना तो वास मनात आठवायचा. निदान बारा आठवडे. आमच्याकडे गुलाबाचं अत्तर, लिंबाची साल, कुटलेली लवंग आणि कापसाच्या बोळ्यावर निलगिरीचा थेंब अशा चार बाटल्या देवघराच्या फळीवर असतात. आरती झाली की सासूबाई त्या घेऊन बसतात. चौथ्या महिन्यात लवंग थोडी कळू लागली. गुलाबाचा पत्ता नाही. सगळं परत येईल असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही आणि आम्हीही तसं धरून बसलो नाही.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी केली, ती तुम्हालाही सांगते. सासूबाई पहाटे उठून एकट्या चहा ठेवतात. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. ज्या माणसाला तो वास येत नाही, त्याला गळती कळणार कशी? आता रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करतो आणि सकाळचा गॅस दुसऱ्या कोणी तरी पेटवायचा, असा नियम आहे. उरलेलं अन्न विटलं का, हेही त्यांच्यावर सोपवत नाही.

तुम्हाला घरी अशी पारख करायची असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. एका वेळी दोनच वस्तूंची तुलना करा, मग ते शेंगदाण्याचं तेल असो, चहा असो की ज्वारी. शिजवणं, वाढणं, गरमपणा सगळं सारखं ठेवा. वाढणारीलाही नाव कळू देऊ नका. आणि एका खेपेवर निकाल देऊ नका, निदान सहा तरी करा. मात्र जिभेला कळतो तो फक्त स्वाद. डाळीत खोटा रंग किंवा भेसळ आहे का, हे चाखून ठरवायला जाऊ नका. धुताना पाणी गडद पिवळं झालं, तर ती डाळ न शिजवणंच बरं.

भावाला मी कळवलं, पोतं पाठव. सासूबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "धाडू दे. मले नाई येत वास तं काय झालं, पोरीले येते ना." आता त्यांच्या वरणात लिंबू जरा जास्त पिळते, वर लसणाच्या फोडणीची तिखट धार सोडते आणि ताटात कुरकुरीत पापड ठेवते. जे जिभेला आणि दातांना कळतं, ते तरी भरपूर मिळावं.

तुमच्याही घरात कुणी वडीलधारं माणूस अलीकडे एकसारखं "कशालाच चव नाही" म्हणत असेल, तर डाळ बदलू नका आणि मनालाही लावून घेऊ नका. त्यांना डोळे मिटायला सांगा आणि हिंगाची डबी तेवढी नाकापुढे धरून पाहा.